लेदर सीटचा खर्च नेमका कुठे होतो?

गाडीच्या कापडी सीट बदलून लेदर करण्याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : पाच आसनी गाडीच्या सीट लेदरच्या करायच्या आहेत. तीन ठिकाणी दर विचारले. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यात जवळजवळ चौपट फरक आहे, आणि तिघेही ‘पूर्ण लेदर’ असेच म्हणतात. एवढा फरक कशामुळे?

तिघे बहुधा तीन वेगळ्या कामांचे दर सांगत आहेत. ‘पूर्ण लेदर’ या शब्दांना बाजारात ठरलेला अर्थ नाही. एक जण जुन्या कापडावरूनच नवे कव्हर ओढणार असतो. दुसरा अंग टेकते तेवढ्या भागाला लेदर आणि बाजूंना रेक्झिन लावणार असतो. तिसरा जुने कव्हर उतरवून सीट सगळ्या बाजूंनी कातड्याने मढवणार असतो. म्हणून आकडे शेजारी शेजारी ठेवण्याआधी प्रत्येकाकडून चार गोष्टी वेगळ्या लिहून घ्या : कातडे किती चौरस फूट आणि कोणत्या प्रकारचे, कापणी-शिलाईची मजुरी, फोम, अस्तर, दोरा वगैरे इतर साहित्य, आणि सीट काढणे-लावणे, विजेच्या जोडण्या व एअरबॅगची तपासणी. चौथी बाब ज्याच्या दरपत्रकात नाहीच, त्याच्याबद्दल सावध राहा. त्याचे कारण पुढे येईल.

आता कातड्याचा हिशेब. गाईचे अख्खे कातडे साधारण ४५ ते ५५ चौरस फुटांचे असते. त्याचे माप यंत्रावर घेऊन मागच्या बाजूला लिहिलेले असते, पण त्या मापात पायांचे टोकदार तुकडे, पोटाकडचा सैल भाग आणि जखमांच्या खुणाही धरलेल्या असतात. या गोष्टी सीटवर जात नाहीत. कापडाचा तागा सरळ पट्ट्यात कापता येतो, कातडे तसे कापता येत नाही. सीटच्या कामात २५ ते ३५ टक्के कातडे वाया जाते असे धरून चाला.

पाच आसनी गाडीत पुढच्या एका सीटच्या अंग टेकणाऱ्या भागाला, म्हणजे बैठक, पाठ, दोन्हीकडचे उंचवटे आणि हेडरेस्ट मिळून, सुमारे १२ चौरस फूट लागतात. मागच्या बाकाला हेडरेस्ट धरून २२ च्या आसपास. दोन सीट आणि बाक मिळून ४६ झाले. वापरात येणारे कातडे ७० टक्के धरले तर ४६ भागिले ०.७, म्हणजे ६६ चौरस फूट विकत घ्यावे लागेल. हे झाले दीड कातडे. सीटच्या कडा, पाठीमागची बाजू असे सगळेच मढवायचे तर निव्वळ गरज ८५ च्या घरात जाते आणि खरेदी सुमारे १२१ चौरस फुटांची होते, म्हणजे अडीच कातडी. अर्धे कातडे सुटे मिळेलच असे नाही आणि सर्व तुकडे एकाच खेपेत रंगवलेले असावे लागतात, म्हणून प्रत्यक्षात तीन घ्यावी लागतात. दारांचे पॅनेल आणि आर्मरेस्ट धरले की चौथे. दर चौरस मीटरमध्ये सांगितला असेल तर १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट.

तुमच्या गाडीचे माप यापेक्षा थोडे कमी-जास्त निघेल, पण रीत हीच. टेप घेऊन प्रत्येक तुकड्याची सर्वांत लांब आणि सर्वांत रुंद बाजू मोजा, शिवणीत जाणारे कडेचे दीड सेंटिमीटर धरा, लांबी-रुंदीचा गुणाकार करा, सगळ्या तुकड्यांची बेरीज करा आणि ०.७ ने भागा. कोणी सगळ्या सीट ३० चौरस फुटांत बसवून देतो म्हणाला, तर तिथे कातडे नाही किंवा बरेचसे रेक्झिन आहे, एवढे तरी कळेल.

मजुरीचा भाग लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. नव्याने साचे काढून, कापून, शिवून, पाच आसने बसवून द्यायला एका कुशल कारागिराचे चार ते सहा दिवस जातात. तुमच्याच मॉडेलसाठी कापून-शिवून आलेले तयार किट घेतले तर बसवण्याचे काम साधारण एका दिवसाचे. किटमध्ये कातडे महाग पडले तरी एकूण खर्च कधी कधी कमी होतो, तो यामुळे.

प्रश्न : पैसे मर्यादित आहेत. लेदर कुठे लावावे आणि कुठे टाळले तरी चालेल?

अंग टेकते तिथे लेदर, बाकी ठिकाणी त्याच रंगाचे आणि त्याच दाण्याचे, म्हणजे पृष्ठभागावरच्या बारीक नक्षीचे, चांगले कृत्रिम लेदर. गाडी बनवणाऱ्या कंपन्याही बहुतेक मॉडेलांत हेच करतात. माहितीपत्रकात बारीक अक्षरात ते लिहिलेले असते. सीटच्या पाठीमागे किंवा खालच्या कडेला कातडे लावून बसणाऱ्याला काहीच वेगळे जाणवत नाही. वर काढलेल्या हिशेबाने एवढ्या एका निर्णयावर कातड्याची खरेदी जवळजवळ निम्म्यावर येते.

वाचलेल्या पैशातला काही भाग फोमवर घाला. ड्रायव्हरच्या सीटचा दाराकडचा उंचवटा पाच-सात वर्षांत दबलेला असतो, कारण चढता-उतरता सगळे वजन त्याच कडेवर येते. दबलेल्या फोमवर नवे कातडे ताणून बसत नाही आणि दोन महिन्यांत तिथेच घड्या पडतात. त्या ठिकाणचा फोम कापून घट्ट फोमचा तुकडा चिकटवणे हे छोटे काम आहे. कव्हर उतरलेले असतानाच ते होते.

प्रश्न : दुकानदार ‘जेन्युईन लेदर’ म्हणून दाखवतो ते खरे कातडे आहे का, हे कसे ओळखावे? आणि कृत्रिम लेदर एवढे वाईट असते का?

नमुन्याची कापलेली कड आणि मागची बाजू बघा. कातड्याच्या मागे तंतूंचा मखमलीसारखा थर असतो, कडेलाही गुंतलेले तंतू दिसतात. विणलेले किंवा जाळीदार कापड दिसले तर ते पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचे कृत्रिम लेदर आहे. वरच्या दाण्यावर किंवा वासावर विसंबू नका. खऱ्या कातड्यावरही यंत्राने दाणा उठवतात, आणि वास नकली मालालाही लावता येतो.

खऱ्या कातड्यातही प्रती आहेत. गाडीसाठी वरच्या थराचे, रंगाचा आणि संरक्षक लेपाचा थर दिलेले, १.० ते १.३ मिलिमीटर जाडीचे कातडे हवे. लेप नसलेले ॲनिलिन कातडे हाताला फार मऊ लागते, पण उन्हाने त्याचा रंग उडतो आणि ते घामाचे डाग शोषून घेते, त्यामुळे रोजच्या गाडीत ते घालू नये. कातड्याच्या खालच्या थराला स्प्लिट म्हणतात. तो वरच्या थराइतका चिवट नसतो. कडांना चालतो, बैठकीला नको. ‘बाँडेड लेदर’ मात्र कुठेही घेऊ नका. कातड्याचा भुगा चिकटद्रव्यात थापून वर पीयूचा पापुद्रा दिलेला असतो आणि घासल्या जाणाऱ्या जागी तो पापुद्रा सुटतोच.

फर्निचरचे कातडे स्वस्तात मिळाले म्हणून गाडीत वापरू नका. बंद गाडीतले ऊन आणि उष्णता सोसेल असा त्याचा लेप नसतो. शिवाय गाडीच्या आतील साहित्याला आग किती वेगाने पसरते याची चाचणी असते. आयएसओ ३७९५ या आंतरराष्ट्रीय मानकात ती पद्धत दिली आहे, आणि अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ३०२ या नियमात मिनिटाला १०२ मिलिमीटरची मर्यादा आहे. गाडीसाठी बनवलेला माल विकणाऱ्याला या चाचणीचा कागद दाखवता आला पाहिजे.

कृत्रिम लेदर सरसकट वाईट नाही. पीव्हीसी, म्हणजे आपले रेक्झिन, पाण्याला चिवट असते. पण त्याला मऊ ठेवणारे द्रव्य उष्णतेने हळूहळू उडून जाते, मग ते कडक होऊन शिवणीपाशी तडकते. उडालेले तेच द्रव्य समोरच्या काचेवर आतून तेलकट धूसर थर म्हणून बसते. पीयू मऊ असते, पण दमट हवेत त्यातल्या साध्या प्रकाराचे विघटन होऊन पोपडे निघतात. पॉलिकार्बोनेट जातीचे पीयू दमटपणाला बरेच जास्त टिकते. दमट भागात राहत असाल तर दुकानदाराला हा एक प्रश्न जरूर विचारा. लहान मुले, ओले कपडे, पाळीव कुत्रा असा वापर असेल तर चांगले कृत्रिम लेदर हलक्या प्रतीच्या कातड्यापेक्षा सरस ठरते.

प्रश्न : माझ्या गाडीच्या पुढच्या सीटवर ‘एअरबॅग’ असे छोटे लेबल आहे. कव्हर बदलताना त्याने काही फरक पडतो का?

फार फरक पडतो. या उत्तरातली एकही गोष्ट खर्च वाचवण्यासाठी सोडू नका.

ते लेबल म्हणजे पाठीच्या दाराकडच्या कडेत, सांगाड्याला बोल्टने बसवलेली बाजूची एअरबॅग. धडक बसल्यावर पापणी लवण्याच्या आत तिला कव्हर फाडून बाहेर यायचे असते. त्यासाठी त्या कडेची एक शिवण मुद्दाम ठरावीक ताकदीच्या दोऱ्याने, ठरावीक टाक्याने घातलेली असते, जेणेकरून ती नेमक्या जागी उसवावी. बऱ्याच सीटमध्ये आतून न ताणणाऱ्या कापडाची पट्टी असते. ती फुगणाऱ्या पिशवीला त्या शिवणीकडेच वळवते.

आता काय चुकते ते पाहा. कारागीर जुने कव्हर उसवून त्याचा साचा घेतो, आतली पट्टी निरुपयोगी समजून टाकून देतो आणि नवी शिवण नेहमीच्या जाड दोऱ्याने घालतो. वर शोभेचा दुहेरी टाकाही मारतो. कातडे मुळात कापडापेक्षा चिवट. मग पिशवी कव्हरच्या आतच पसरते, उशिरा बाहेर येते किंवा भलत्या दिशेने येते. बाहेरून मात्र ती सीट सर्वांत सुबक दिसते.

उपाय दोन. त्या बाजूचा कंपनीचा मूळ तुकडा शिवणीसकट तसाच ठेवायचा आणि बाकीचे तुकडे लेदरचे करायचे. किंवा तुमच्या मॉडेलसाठी एअरबॅग उघडण्याची चाचणी केल्याचा कागद देणाऱ्याचे तयार किट घ्यायचे. ‘आम्ही तिथे कच्चा टाका घालतो’ हे उत्तर पुरेसे नाही; किती कच्चा, हे चाचणीशिवाय कळत नाही. वरून ओढायची कव्हरेही याच कारणाने धोक्याची, फक्त बाजूला मोकळी जागा सोडलेली आणि तशी चाचणी झालेली कव्हरे त्याला अपवाद.

सीट काढण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी सीट पुढे-मागे सरकवून चारही बोल्ट मोकळे दिसतात का ते बघून घ्या. मग इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार काढा आणि थांबा. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. कुठे एक मिनिट, कुठे तीन, कुठे दहा. दहा मिनिटे थांबल्याने काही बिघडत नाही. यंत्रणेतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला हा वेळ लागतो. त्यानंतरच सीटखालचा पिवळा कनेक्टर सोडवा. कनेक्टर सुटलेला असताना किल्ली फिरवू नका. फिरवली तर एअरबॅगचा दिवा पेटून राहतो आणि तो स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोष वाचणारे यंत्र, लावूनच घालवावा लागतो. एअरबॅगच्या तारांना साध्या मल्टिमीटरने हात लावू नये. सीट परत बसवताना बोल्ट टॉर्क पान्यानेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याला आवळायचे, कारण सीटबेल्टचे बकल बहुतेक गाड्यांत सीटलाच जोडलेले असते आणि धडकेचा ताण याच बोल्टवर येतो.

आणखी एक गोष्ट पुढच्या प्रवाशाच्या सीटमध्ये असते. सीटवर माणूस बसला आहे का, किती वजनाचा आहे, हे ओळखणारी, बैठकीच्या आत दडलेली चटई. काही गाड्यांत तिच्यावरून समोरची एअरबॅग चालू राहायची की बंद, हे ठरते. जाड फोम घातला किंवा कव्हर फार ताणले तर तिचे वाचन बदलते. काम झाल्यावर स्कॅनर लावून तिचे शून्य पुन्हा ठरवून घ्यावे लागते. दरपत्रकातली ती चौथी बाब याचसाठी.

प्रश्न : वरच्या श्रेणीतल्या अपघाती गाडीच्या लेदर सीट जुन्या बाजारात मिळत आहेत. नव्या कामापेक्षा बऱ्याच स्वस्त आहेत. घ्याव्यात का?

मॉडेल आणि पिढी तीच असेल तर हा खरोखर चांगला मार्ग आहे. कारखान्यातली शिलाई आणि साच्यात ओतलेला फोम तयार मिळतो. पण पैसे देण्याआधी बाजूची एअरबॅग उडालेली नाही ना, हे पाहा. पाठीच्या कडेची शिवण उसवलेली, पुन्हा शिवलेली किंवा चिकटवलेली असेल तर सीट सोडून द्या. सांगाडा वाकलेला नाही, रुळावर सीट शेवटपर्यंत सरकते, बकल ओढलेले नाही, हेही तपासा. काही बकलमध्ये धडकेच्या वेळी पट्टा आवळणारा प्रिटेन्शनर असतो. तो चालून गेला असेल तर बकल खाली ओढले जाऊन नेहमीपेक्षा आखूड दिसते.

विजेच्या सीट असतील तर तुमच्या गाडीत तेवढ्या तारा आणि फ्यूज आहेत का, हा प्रश्न येतो. कनेक्टर जुळला नाही तर तारा कापून जोडू नका, विशेषतः पिवळ्या. दोन्ही दारांचे पॅनेल कापडी राहतील, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : सीट गरम करणारी आणि थंड हवा सोडणारी सोय याच कामात करून घ्यावी का?

गरम करणारी गादी करायची तर आत्ताच, कारण कव्हर उतरलेले असते आणि गादी फोम व कव्हर यांच्यामध्ये बसते. नंतर केल्यास मजुरी पुन्हा पूर्ण. स्वतंत्र फ्यूज आणि रिले घालून घ्या. हवेशीर सीट वेगळी गोष्ट. तिला भोकांचे कातडे तर लागतेच, शिवाय फोममध्ये हवेचे मार्ग आणि खाली पंखाही लागतो. नुसती भोके पाडून हवा येत नाही, फक्त बसलेल्याला घाम थोडा कमी जाणवतो. बैठकीला भोकांचे कातडे घेतले तर त्यावर द्रव क्रीम ओतू नका. ते भोकांत जाऊन पांढरे गोळे होतात.

प्रश्न : काम होऊन दोनच महिने झाले. ड्रायव्हरच्या बैठकीवर सुरकुत्या आल्या आणि एका शिवणीपाशी भोके रुंदावली. कातडे खराब होते का?

सुरकुत्या आणि रुंदावलेली भोके या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

बसून बसून थोड्या सुरकुत्या पडणे हा कातड्याचा स्वभाव आहे. हाताने ओढल्यावर कातडे बोटभर वर उचलले जात असेल तर मात्र काम सैल झाले आहे. कारणे तीन असू शकतात : पोटाकडचा ताणणारा भाग बैठकीला वापरला, खालचा दबलेला फोम तसाच ठेवला, किंवा आतल्या तारेला धरणाऱ्या कड्या, म्हणजे हॉग रिंगा, कमी घातल्या. बैठकीचा मधला तुकडा नेहमी पाठीच्या कण्याजवळच्या घट्ट भागातून कापायचा असतो. त्याच्या मागे पाच-सहा मिलिमीटरचा, कापडाचे अस्तर असलेला फोम शिवला की ताण सारखा राहतो. फोम दबला असेल किंवा कड्या कमी असतील तर कव्हर उघडून दुरुस्ती होते. तुकडाच चुकीचा असेल तर तो बदलावा लागतो, आणि तो कारागिराने आपल्या खर्चाने बदलावा.

भोके रुंदावणे हा शिलाईचा दोष. टाके फार जवळ घातले की सुईच्या भोकांची रांग टपाल तिकिटाच्या कडेसारखी होते आणि कातडे तिथून फाटते. कातड्याला साधारण ४ ते ५ मिलिमीटरचा टाका हवा. दोरा बाँडेड पॉलिस्टर, आतल्या शिवणीला टेक्स ९० च्या आसपास, वरच्या दिसणाऱ्या टाक्याला टेक्स १३५ (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचे माप, आकडा मोठा तितका दोरा जाड). नायलॉन ताकदवान असतो पण उन्हाने लवकर कमजोर होतो. सुती दोरा कातड्यातल्या द्रव्यांनी कुजतो. मशीन वॉकिंग फूटचे, म्हणजे वरचा पायही कापडाबरोबर चालणारे, हवे. नाहीतर वरचा थर मागे राहतो आणि शिवण चुणते. फाटायला सुरुवात झालेल्या शिवणीवर पुन्हा टाके मारू देऊ नका, भोके वाढतील. तो तुकडा नवा घाला.

प्रश्न : सगळ्या सीट ठीक आहेत, फक्त ड्रायव्हरच्या कडेचे लेदर तडकले. पूर्ण संच करावा लागेल का?

नाही. एक तुकडा उसवून त्या जागी नवा शिवता येतो. कंपनीचे कव्हर तुकड्यांचेच असते. रंग जुळवण्यासाठी नमुना सीटच्या खालच्या दडलेल्या कडेतून द्या. वरचा रंग उन्हाने बदललेला असतो. तडे फक्त लेपातच असतील, खालचे तंतू तुटलेले नसतील, तर घासून, भराव घालून पुन्हा रंग देणे त्याहूनही स्वस्त. तो तुकडा एअरबॅगच्या शिवणीला लागून असेल तर वरचे एअरबॅगचे उत्तर पुन्हा वाचा. तिथे रंगकाम करता येते, शिलाई बदलता येत नाही.

प्रश्न : गाडी विकताना हा खर्च परत मिळतो का? आणि विमा कंपनीला कळवावे लागते का?

पूर्ण परत मिळेल असे धरू नका. स्वतःच्या वापरासाठी करायचे असेल तरच करा. विमा कंपनीला लेखी कळवा आणि बिल जपून ठेवा. बिलावर कातड्याचा प्रकार, चौरस फूट आणि एअरबॅगचा तुकडा मूळ ठेवल्याची नोंद असावी. उतरवलेली जुनी कव्हरेही मागून घ्या. पुढे कधी दुरुस्तीला साचा म्हणून त्यांचाच उपयोग होतो.

प्रश्न : रोजची निगा कशी ठेवावी?

लेप दिलेल्या कातड्यात तेल फारसे मुरत नाही, त्यामुळे महागड्या क्रीमपेक्षा धूळ काढणे जास्त कामाचे. धूळ घड्यांत बसून लेप खरवडते. आठवड्याला मऊ ब्रश लावून व्हॅक्यूम करा. दोन-तीन महिन्यांनी गाडीच्या लेदरसाठीचा सौम्य क्लीनर मायक्रोफायबर कापडावर घेऊन पुसा. सीटवर थेट फवारू नका. फिकट रंगावर नव्या जीन्सची निळी झाक आली तर त्याच आठवड्यात काढा, नंतर ती लेपात उतरते. स्पिरिट आणि भांड्यांचा साबण नको. गाडी उन्हात उभी राहत असेल तर समोरच्या काचेला पडदा लावा.